नजीराबाईंच्या शाळेची सरासरी

पाणंदवाडीच्या शाळेचा निकाल घसरला, ही बातमी मुख्याध्यापिका नजीरा जमादार तालुक्याची बैठक आटपून परत यायच्या आधीच गावात पोचली होती. बैठकीत भिंतीवर सगळ्या शाळांचे पट्टे दाखवले होते. चढलेल्या शाळा हिरव्या, घसरलेल्या लाल. कुणीतरी त्याचा फोटो काढला, कुणीतरी पुढं पाठवला, आणि बाई कोडोलीच्या स्टँडवर वडापच्या जीपची वाट बघत उभ्या असेपर्यंत तो फोटो पाणंदवाडीत डेअरीच्या कट्ट्यावर हातोहात फिरत होता.

बाई वडापमधून उतरल्या, तसा केरबा चौगुल्यांनी कट्ट्यावरूनच आवाज दिला. केरबाण्णा दूध संस्थेचे चेअरमन, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही तेच. आवाज असा, की पलीकडच्या शिवारातल्या माणसानं वळून बघावं.

"मॅडम, सहासष्टाचं साठ झालं म्हणं! काय चाललंय काय शाळंत?"

"समितीची बैठक लावूया, केरबाण्णा. तिथं बोलू."

"बैठकीत कशाला? समद्या गावानं बघितलंय की. खालच्या वाडीची शाळा बघा, हिरवीगार हाय."

बाईंनी पदर सारखा केला आणि शाळेची वाट धरली. शाळा नुकती सुटली होती. आदर्श माने खोल्यांना कुलपं लावत होता. आदर्श चौथीचा वर्गशिक्षक, नोकरीला लागून जेमतेम तीन वर्षं झालेली, पण कामाला वाघ. बाईंना बघून त्यानं शेवटचं कुलूप लावलं. पण दोघांच्याही मनात जे होतं ते शेवटी त्याच्या तोंडून निघालंच.

"मॅडम, मी म्हणालो होतो बघा."

म्हणाला होता, खरं आहे. ही चाचणी राज्यभर एकाच दिवशी होते. तिच्या आदल्या आठवड्यात त्यानं सुचवलं होतं, की ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं त्या दिवशी नाही आली तर काही बिघडत नाही. ती हंगामापुरती आलेली. त्यांची नावं त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर. "आपण या म्हणायचं न्हाय, आणि येऊ नका पण म्हणायचं न्हाय. गाड्या पहाटेच फडात जात्यात. पोरं आपोआप मागं ऱ्हात्यात." त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. शाळेचं नाव चांगलं राहावं, एवढंच.

तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "वर्गात रोज बसणारं पोर चाचणीला न्हाय बसवायचं, तर त्याला वर्गात तरी कशाला बसवलं?" आणि चाचणीच्या दिवशी त्या स्वतः सकाळी टोळ्यांच्या खोपींवर जाऊन चोवीस पोरं गोळा करून घेऊन आल्या होत्या. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या पायात दोन तऱ्हेच्या चपला. धाकट्यांना त्यांनी पहिलीच्या वर्गात बसवलं आणि थोरल्यांच्या हातात पेपर दिले.

त्याचं फळ आता भिंतीवर लाल होऊन दिसलं होतं.

नजीराबाईंना टोळीच्या पोरांचा एवढा कळवळा का, असं गावात कुणी कुणी विचारायचं. त्याचं उत्तर बाईंच्या लहानपणात होतं. त्यांचे वडील नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा पिढीजात धंदा. ट्रॅक्टर बोकाळायच्या आधीची गोष्ट. हंगाम सुरू झाला की शेकडो बैलगाड्या कारखान्याच्या तळावर उतरायच्या, आणि त्यांच्या मागोमाग नालबंदाचं बिऱ्हाडही. नजीराचं नाव एका शाळेत आणि बसणं दुसऱ्या शाळेत. परीक्षा आली की दोन्हीकडचे गुरुजी तिला एकमेकांची समजायचे. एका वर्षी मात्र तळाजवळच्या शाळेतल्या बाईंनी तिला पेपर दिला, तपासला आणि त्यावर पन्नासपैकी सव्वीस असं लिहून हातात ठेवला. नजीरानं ते सव्वीस आईला सांगितलं, वडलांना सांगितलं, बैल घेऊन आलेल्या गाडीवानांना सांगितलं. कमी की जास्त याचा तिला पत्ताच नव्हता. आपला पेपर कुणीतरी तपासला, याचंच तिला अप्रूप. पुढं ती डी.एड. झाली, आजऱ्याच्या बाजूला लागली, मग गडमुडशिंगीला आली, आणि आता मुख्याध्यापिका म्हणून पाणंदवाडीत.

पण कळवळा वेगळा आणि शाळा सांभाळणं वेगळं. त्याच आठवड्यात पेपरात देशपातळीवरच्या चाचणीची बातमी आली. कुठलं राज्य पुढं, कुठलं मागं, आणि आपलं राज्य शेजाऱ्यांच्या मागं कसं पडलं, याचे मोठे तक्ते. डेअरीच्या कट्ट्यावर दोन्ही बातम्या एकात एक मिसळल्या. सगळं राज्यच बुडालंय आणि त्यात आपली शाळा सगळ्यात आधी, असा त्याचा अर्थ निघाला. पाच-सहा घरांनी कोडोलीच्या इंग्लिश मिडियमच्या गाडीची चौकशीसुद्धा करून ठेवली.

बाईंच्या मनाला ते फार लागलं. आपलंच चुकलं का? चोवीस नव्या पोरांच्या नादात गावच्या पोरांकडं दुर्लक्ष झालं का? हा प्रश्न त्यांना भाकरी थापताना, वडापमध्ये बसल्यावर, हजेरी घेताना छळत राहिला. शेवटी त्यांनी ठरवलं, की नुसतं मनाला लावून घेण्यापेक्षा नेमकं कोण घसरलंय ते शोधायचं. घसरलेलं पोर हाताला धरायचं आणि त्याच्यावर काम करायचं.

रविवारी दुपारी त्या गेल्या वर्षीचे आणि यंदाचे गुण घेऊन बसल्या. नवरा दिलदार कोडोलीत मोटारसायकली दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी तो शेजारीच आडवा झाला होता. बाई एकेक नाव घेऊन गेल्या. चौगुल्यांचा राजवीर, चढलेला. पिराजीची निशिगंधा, चढलेली. दोघं-तिघं एखाद-दुसऱ्या गुणानं खाली होते, त्यातला एक तर अंगात ताप असताना बसला होता. बाकी सगळी वर. मग टोळीची पोरं. गेल्या वर्षी चाचणीला टोळीची पाचच होती. त्यातली जी यंदा परत आली, तीही वर. त्यातली रेणुका नावाची पोर गेल्या साली अठ्ठावीसवर होती, ती आता एक्केचाळीसवर.

शाळा घसरली होती, आणि घसरलेलं पोरच सापडत नव्हतं.

दिलदार डोळे मिटूनच म्हणाला, बेरीज चुकली असेल. बाईंनी बेरीज परत केली. बेरीज बरोबर होती. मग त्यांनी पेपरांचे दोन ढीग केले. एक गावच्या पोरांचा, एक टोळीच्या पोरांचा. गावच्या पोरांची सरासरी गेल्या साली सत्तर होती, यंदा चौऱ्याहत्तर. टोळीच्या पोरांची तीस होती, ती अडतीस. दोन्ही ढीग चढलेले. फक्त गेल्या साली गावच्या चाळिसांसोबत टोळीची पाचच होती, आणि यंदा गावच्या छत्तिसांसोबत चोवीस. कमी गुणांची पोरं जास्त बसली, म्हणून सगळ्यांचा मिळून आकडा खाली आला. एवढंच.

बाई मोठ्यानं हसल्या. दिलदार दचकून उठून बसला.

बुधवारी व्हरांड्यात समितीची बैठक भरली. समितीतली माणसं आलीच, वर बातमी ऐकून आणखी वीस-पंचवीस जमली. बाईंनी फळ्यावर दोन्ही वर्षांचे आकडे वेगवेगळे लिहून दाखवले. केरबाण्णांनी मान हलवली.

"हे आकडं खेळवायचं काम झालं, मॅडम. ह्यो बी वाढला, त्यो बी वाढला, आणि मिळून कमी झालं? माझ्या आज्ज्यानं असलं गणित ऐकलं न्हाय."

बाई म्हणाल्या, "केरबाण्णा, संस्थेच्या टँकरला गेल्या साली फॅट किती लागायची?"

"सहाच्या वर. का?"

"आणि यंदा?"

"पाच-साडेपाच. गायी वाढल्या की. तरण्या पोरांनी गोठं घातलं, जर्सी आणल्या."

"म्हणजे म्हशींची फॅट उतरली म्हणायची."

"छ्या! म्हशीची उलट चढली. सरकी पेंड सुरू केली न्हवं आपण! गायीची बी चढली थोडी. आता गायीचं दूधच जास्त येतंय म्हटल्यावर टँकरला..." केरबाण्णा मधेच थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि फळ्याकडं पुन्हा एकदा बघितलं. "आयला. हे तेच झालं की."

मग त्यांनीच उठून, बाईंच्या दुप्पट आवाजात, सगळ्यांना ते समजावून सांगितलं. मागं बसलेल्या पिराजीला मस्करी सुचली. "म्हंजे आमची पोरं म्हशी आणि टोळीची गायी, असं व्हय मॅडम?"

सगळा व्हरांडा हसला. बाईही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "तेवढं मातूर न्हाय, पिराजी. गायीला कितीबी पेंड घाला, ती म्हशीगत फॅट द्यायची न्हाय. पोरांचं तसं नसतंय. रेणुका एका वर्षात अठ्ठावीसवरनं एक्केचाळीसवर आल्या. आणि ती वर्षातलं चारच म्हयनं आपल्याकडं असत्या."

खांबाला टेकून अनुजा पाटील उभी होती. तिची मुलगी तिसरीत. ती म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पर त्या पोरांच्यापायी आमच्या पोरांकडं लक्ष कमी पडतंय का, एवढंच सांगा."

"पडलं असतं तर सत्तराचं चौऱ्याहत्तर कसं झालं असतं, अनुजाताई? तरी तुम्ही विचारलं ते बरं केलं. दर वर्षी विचारा. मी असंच दोन भाग करून दाखवत जाईन."

दोन घरांनी तरीही पुढं जूनमध्ये पोरं कोडोलीला घातली. बाकीची राहिली.

आता हेच गणित तालुक्याच्या साहेबांपुढं मांडायचं, म्हणून बाई तालुक्याला गेल्या. मनात एक उमेद होती, की लाल पट्टा पुसला जाईल. साहेबांनी चहा मागवला, कागद शांतपणे वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. सगळ्यांची मिळून एकच सरासरी दाखवली की असं होतं. पण एक सांगतो. उद्या प्रत्येक शाळा असे दोन ढीग करून आणेल. आणि ज्याला शिकवायचंच नाही तो म्हणेल, आमची पोरं मुळातच तसली आहेत, काय करणार? तुम्ही मला चौऱ्याहत्तर दाखवलंत. अडतीसचं काय करताय?"

परतीच्या वाटेवर वडापच्या खिडकीशी बसून बाई तोच प्रश्न चघळत राहिल्या. राग आला होता, पण साहेबांचं खोटं नव्हतं. तिसावरून अडतीसवर आलं, म्हणून त्या खुशीत होत्या. अडतीस म्हणजे अजून कितीतरी येत नाही, हे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आदर्शला जोडीला घेतलं आणि टोळीच्या चोवीस पेपरांचे आणखी दोन भाग केले. बीडकडची चौदा, आणि विजापूरकडच्या एकाच गावची, कानडी बोलणारी दहा. बीडची पोरं बऱ्यापैकी होती. कानडी पोरांनीच आकडा खाली ओढला होता. आदर्शनं त्यांचे गणिताचे पेपर उलगडले आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मॅडम, हे बघा. उभ्या मांडणीची वजाबाकी दहाजणांची बरोबर हाय. हातच्याचीसुद्धा. आणि शाब्दिक उदाहरण आलं की कागद कोरा."

बाईंनी रेणुकाला बोलावलं. त्या दहांतलीच, चौथीतली किडकिडीत पोर. तिला पेपरातलंच उदाहरण वाचून दाखवलं. बागेत पन्नास पेरू होते, अठरा विकले, किती उरले?

रेणुका हळूच म्हणाली, "उरले मंजे?"

पन्नासातनं अठरा वजा करायला तिला क्षणही लागला नसता. तिची वाट त्या एका शब्दाशी अडली होती.

त्याच दिवशी बाईंनी रेणुकाच्या वडलांकडून तिच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांचा नंबर घेतला. त्यांचं नाव शिवप्पा. त्यांचं मराठी मोडकं आणि बाईंचं कानडी त्याहून मोडकं. मधल्या खाचखळग्यांत दोघांनी हिंदी भरली.

"रेणुका तुमच्याकडं शाळेला येते?" शिवप्पा मास्तरांना आधी खरंच वाटेना. "आणि बाकीचे? दहाच्या दहा? फार चांगलं झालं, मॅडम. आमच्या पटावर त्यांची नावं हायत, पण सुगी सरली की वर्ग अर्धा मोकळा."

"तुमच्याकडं पण झाली असेल ना चाचणी?"

"झाली की. आमचा आकडा चढला. साहेब शाळेत येऊन शाबासकी देऊन गेले."

बाई म्हणाल्या, "आमचा उतरला."

मग शिवप्पा मास्तर असे हसले, की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. "बघा मॅडम! ही पोरं इथं नव्हती, म्हणून आम्ही पास. तिथं बसली, म्हणून तुम्ही नापास!"

त्या दिवसापासून पेपरातले राज्याराज्यांचे तक्ते वाचायची बाईंची रीतच बदलली. ते खोटे असतात असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तेवढं आपल्याला कळत नाही, असंच म्हणायच्या. पण कोण पुढं, कोण मागं, हे बघायच्या आधी त्यांच्या मनात यायचं, की त्या दिवशी त्या वर्गांमध्ये कोण कोण बसलं होतं आणि कोण फडात होतं?

शिवप्पा मास्तर कामाचे निघाले. रोज संध्याकाळी ते गणितातले चार-पाच शब्द कानडीत बोलून फोनवर पाठवायचे. सकाळी परिपाठानंतर आदर्श ते सगळ्या वर्गाला ऐकवायचा. उरले म्हणजे 'उळीतु', किती म्हणजे 'एष्टु'. टोळीची पोरं आता गावच्या पोरांना उच्चार शिकवायची आणि चुकलं की पोट धरून हसायची. पंधरवड्यात गावची पोरं डबा खातानाही एकमेकांना विचारू लागली, "भाकरी एष्टु उळीतु रं?" केरबाण्णांचा राजवीर डेअरीवर येऊन आजोबांना कानडीत दूध मोजून दाखवायचा. केरबाण्णा आल्यागेल्या पावण्याला ते कौतुकानं ऐकवायचे. आदर्शला तर शब्दांचं वेडच लागलं. बीडच्या पोरांचेही कितीतरी शब्द पुस्तकातल्यापेक्षा वेगळे आहेत, हे त्यालाच आधी उमगलं.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं, टोळ्या परतल्या. जायच्या आधी बाईंनी दहाही पोरांबद्दल शिवप्पा मास्तरांना फोनवर एकेक करून सांगितलं. कुणाला भागाकार येतो, कुणाला वाचताना जोडाक्षर अडतं, कोण गप्प बसतं पण सगळं समजतं. मास्तरांनी जुलैत आपल्या शाळेत परीक्षा घेतली आणि ती पोरं मुद्दाम बसवली. त्यांच्या शाळेचा आकडा उतरला. ते सांगायला त्यांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पोर झाल्यासारखा आनंदी होता.

पुढच्या हंगामात टोळ्या आल्या. चाचणीच्या दिवशी खोपींवर जायला बाई सकाळी घरातून निघाल्या, तर वाटेतच समोरून संस्थेचा टेम्पो आला. दुधाच्या कॅनांच्या जागी पोरं कोंबलेली. पुढं ड्रायव्हरशेजारी आदर्श, मांडीवर कुणाचंतरी शेंबडं भावंड.

"सव्वीस हायत, मॅडम!" तो ओरडला. "एक बी ऱ्हायलं न्हाय!"

निकाल आला. गावच्या पोरांची सरासरी पंचाहत्तर. टोळीच्या पोरांची सत्तेचाळीस. मिळून त्रेसष्ट. पूर्वीच्या सहासष्टाला शाळा अजून पोचली नव्हती, आणि टोळ्या येत राहिल्या तर इतक्यात पोचणारही नव्हती. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी या वेळी शाळांना एका पट्ट्याऐवजी दोन दाखवायची मुभा दिली. सगळ्यांनी घेतली नाही. ज्या सहा-सात शाळांनी घेतली त्यांना साहेबांनी तिथंच उभं करून विचारलं, खालच्या पट्ट्याचं काय करताय? नजीराबाईंना त्यावर बोलायला अर्धा तास कमी पडला.

रेणुकाला अठ्ठावन्न पडले. पाचवी झाली. एप्रिलमध्ये निघताना तिच्या आईनं बाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की पुढच्या वर्षी पोरीला आणणार नाही. गावाकडं आजीपाशी ठेवतो. सहावी शिवप्पा मास्तरांच्याच शाळेत आहे, तेही म्हणतात ठेवा. चार-पाच महिने पोर नजरेआड राहणार, हे ती दोनदा म्हणाली. बाईंनी तिचा हात हातात घेतला. आपल्या वर्गातली सगळ्यात धीट पोर आता येणार नाही, याचं वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, आणि त्यातलं बरं वाटणंच जास्त होतं.

जानेवारीत एका दुपारी बाईंचा फोन वाजला. नंबर शिवप्पा मास्तरांचा, पण आवाज रेणुकाचा. तिचं मराठी थोडं गंजलं होतं.

"मॅडम, आज पेपर हुता. मी बसलो."

"बसलीस? कसा गेला?"

"कानडीत हुता," ती म्हणाली, आणि यापेक्षा जास्त काय सांगायचं असं वाटून थांबली. मग तिला आठवलं. "सगळं सोडिवलं. एकच ऱ्हायलं. ते पण येत हुतं, पर घंटा झाली."

"मग मास्तरांना सांग, पुढच्या वेळी घड्याळ समोर लावा म्हणून."

तिकडं रेणुकानं ते लगेच कानडीत ओरडून सांगितलं, आणि मास्तरांचं हसणं फोनवर ऐकू आलं.